‘घरचंच आहे, हिशेब कसला?’



या वेळी आमच्याच घरातली गोष्ट लिहीत आहोत. लिहावी की लिहू नये, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी ज्यांच्याविषयी ती आहे, त्या आमच्या भाईजानांनीच सांगितले, “लिही. चार घरं वाचतील, त्यातलं एखादं वाचेल.”

आम्ही राजूरला राहतो. अकोले तालुक्यातले, भंडारदरा धरणाच्या वाटेवरचे हे गाव. बाहेरचे लोक राजूरला पेढ्यांमुळे ओळखतात. धरण पाहून परतणारी मंडळी पेढ्याचा खोका घेतल्याशिवाय सहसा जात नाहीत. आम्ही पेशाने शिक्षक. घरात उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांची पुस्तके आहेत. पत्नीचे अक्षर लहानपणापासून फार सुंदर. बोरू हातात घेतला की नस्तालिकच्या वळणाला तिचा हात आपोआप जातो. नात्यातल्या कोणाचा निकाह असला की दावतनाम्यावरची नावे तिने लिहायची, नव्या घराच्या दारावरचा तुघरा तिने करायचा, हे ठरलेलेच होते. पैसे कोणी देत नसे आणि मागायचे असतात हे आम्हालाही सुचले नव्हते.

२०२२ साली मुलांची शिक्षणे वाढली आणि खर्चही वाढला. तेव्हा पत्नीने ठरवले की हेच काम रोजीसाठी करायचे. उर्दू-मराठी निकाहपत्रिका, नावाच्या फ्रेमा, तुघरे, भेटीसाठी रंगवलेल्या रिहली. नोकरीच्या नियमांमुळे आम्हाला स्वतःच्या नावावर धंदा करता येत नाही आणि हात तर तिचाच होता. म्हणून सगळे तिच्या नावावर केले. सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार क्रमांकावरून नोंदणी केली, तिला एक पैसाही पडला नाही. आम्ही शुद्धलेखन तपासायचे, धाकट्या बहिणीने कापणे-चिकटवणे आणि बांधणी पाहायची.

प्रश्न भांडवलाचा होता. बँकेचे व्याज नको होते. संगमनेरला असलेल्या भाईजानांच्या कानावर गोष्ट गेली. पुढच्याच जुम्म्याला ते आले आणि तीस हजार रुपये पत्नीच्या हातात ठेवून म्हणाले, “सुरू करा.” आम्ही कागद काढू लागलो, तर त्यांनी हात धरला. “घरचंच आहे, हिशेब कसला?”

त्यांच्या या मायेने आमचे डोळे भरून आले. कागद परत कपाटात गेला. आमची पहिली चूक तीच.

दुसरी चूक किमतीची. एका फ्रेमचे आम्ही ४०० रुपये घेत होतो. काच, पट्टी, कागद, शाई मिळून खर्च २६० रुपये. १४० रुपये सुटतात म्हणून आम्ही खूश होतो. वर्षभराने एका रविवारी, वर्गात मुलांना उदाहरण घालतो तसे वहीत मांडून पाहिले. एका फ्रेमला पाच तास लागतात. १४० भागिले पाच, म्हणजे तासाला २८ रुपये. पत्नी शेजारी बसली होती. ती एवढेच म्हणाली, “शेतात निंदायला गेले असते तर जास्त मिळाले असते.”

तासाचे निदान ६० रुपये धरले. मालाचे २६०, हाताचे ३००, तूटफूट आणि वाया जाणाऱ्या कागदाचे ४०. किंमत ६०० झाली. नात्यात कुरकुर झाली. “आपल्यांकडूनसुद्धा?” असे एका चाचींनी तोंडावर विचारले. मागणी निम्म्यावर आली. पण हिशेब पाहा. पूर्वी महिन्याला वीस फ्रेमांवर शंभर तास जायचे आणि २८०० रुपये राहायचे. आता दहा फ्रेमांवर पन्नास तास जातात आणि ३००० रुपये राहतात. उरलेल्या पन्नास तासांत पत्नी नवे नमुने करते, कधी नुसती झोपते. दोन्हींची गरज होती.

तिसरी चूक आमची स्वतःची, तीही शिक्षक असून. एका निकाहपत्रिकेत नवरीचे नाव जेबा. उर्दूत ‘जे’ या अक्षरावरचा एक नुक्ता राहिला तर ते ‘रे’ होते. तो नुक्ता राहिला आणि दोनशे पत्रिकांवर जेबाची ‘रीबा’ झाली. तपासणारे आम्हीच. पत्रिका पुन्हा छापल्या, ३८०० रुपये आमचे गेले. मुलीच्या वालिदांनी रागाचा शब्द काढला नाही, त्याची लाज अधिक वाटली. तेव्हापासून नियम केला आहे. छापण्याआधी नमुना घरी पाठवायचा, त्या घरातल्या दोघांनी नावे वाचून सही करायची, मगच छपाई.

चौथी गोष्ट आमच्या गावच्या पावसाने शिकवली. भंडारदऱ्याच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना घाम येतो, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. एका वर्षी त्याच दिवसांत घाईने केलेल्या फ्रेमा दोन महिन्यांत परत आल्या. काचेमागे कागदावर बुरशीचे ठिपके. शाई वाळली होती, पण कागदात ओल होती. आता पावसाळ्यात फ्रेम बंद करत नाही. लिखाण करून ठेवतो, पुठ्ठ्यांत दाबून उबेला ठेवतो आणि ऊन पडल्यावर काच चढवतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगतो. काही थांबतात, काही थांबत नाहीत.

याच्याच जोडीला हंगामाचा हिशेब आहे. आपल्याकडे बरीच घरे मोहरममध्ये निकाह ठेवत नाहीत आणि रमजानात तर सगळे इबादतीत असतात. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे हे रिकामे महिने दरवर्षी अलीकडे सरकतात. २०२४ मध्ये मोहरम जुलैच्या सुरुवातीला लागला, २०२५ मध्ये जूनच्या शेवटी. म्हणजे आमच्याकडे पाऊस आणि मोहरम सध्या हातात हात घालून येतात. ज्यांची रोजी लग्नसराईवर आहे, मग ती मेंदी असो, शिवणकाम असो वा केटरिंग, त्यांनी दोन्ही कॅलेंडरे शेजारी टांगावीत आणि कमाईच्या महिन्यांतून रिकाम्या महिन्यांसाठी काढून ठेवावे.

या नंतरच्या चुका पैशांनी आणि वेळेने भरून निघाल्या. पहिली मात्र तशी भरून निघण्यासारखी नव्हती.

२०२४ च्या बकरी ईदला भाईजानांकडे सगळे जेवायला जमलो होतो. बोलता बोलता ते सहज म्हणाले, “आपल्या धंद्याला आता दोन वर्षं झाली. माझा हिस्सा किती झाला, एकदा बघून ठेव.”

आमच्या हातातला घास तसाच राहिला. आम्ही ते पैसे कर्जे हसना समजत होतो. बिनव्याजी, जसेच्या तसे परत करायचे कर्ज. ते स्वतःला भागीदार समजत होते. दोघांच्याही मनात खोट नव्हती. पण आमच्या तोंडून निघून गेले, “हिस्सा कसला, भाईजान? ते तर कर्ज होतं.” ताटांवर एकदम शांतता पसरली. भाभींनी विषय बदलला. त्यानंतर फोन कमी झाले. पुढच्या रमजानात एकाही इफ्तारला ते आमच्याकडे आले नाहीत, ईदला फक्त मुलाला पाठवले. चाळीस वर्षांच्या भावकीत असे कधी झाले नव्हते.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की हिस्सा द्यायचा म्हटले तरी देता आला नसता. विक्रीचे पैसे स्वयंपाकघरातल्या डब्यात जात. त्यातूनच गॅसची टाकी येई, मुलांची फी जाई. आणि पगारातून कधी कागद येई, कधी काच. धंद्यात नफा किती झाला हे भाईजानांपासून लपवलेले नव्हते. ते आम्हालाच माहीत नव्हते.

या मे महिन्यात नात्यातल्या एका वलीम्यासाठी मिरजेला गेलो. मनात हाच घोळ होता. मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला आणि त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. दर्ग्याला सलाम करून आम्ही सतारमेकर गल्लीत शिरलो.

ही गल्ली आपल्या प्रत्येक कारागीर घराने पाहावी अशी आहे. इथली घराणी मूळची शिकलगार. तलवारी, भाले घडवणारी, हत्यारांना धार लावणारी. संस्थानांची युद्धे संपली तशी हत्यारांची मागणी संपली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब यांच्यासारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव झाले. धार लावणारे हात सूर लावू लागले. हात तेच, नजर तीच, मागणी बदलली म्हणून माल बदलला. आज मिरजेची सतार आणि तानपुरा देशभरचे गवई वाजवतात. २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडे बनलेले वाद्य आता मिरजेच्या नावाने विकता येणार नाही. दीडशेहून अधिक वर्षे नाव टिकवल्यावर त्या नावाला कायद्याचे कुंपण मिळाले.

एका कारखान्यात आम्ही बराच वेळ बसलो. कोपऱ्यात भोपळ्यांची रास होती. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. ते पूर्ण वाळल्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही. कच्च्या भोपळ्याची सतार बनते, पण टिकत नाही. आम्हाला आमच्या बुरशी लागलेल्या फ्रेमा आठवल्या. एक जण दांडी तासत होता, एक नक्षी कोरत होता, एक रोगण चढवत होता. आत एक बुजुर्ग घोडीवर कानस चालवून जवारी काढत होते. घोडीच्या पाठीचा उतार किंचित घासायचा, तार लावायची, कान लावायचा, पुन्हा घासायचे. तारेला जो झंकार येतो तो या घासण्यातून येतो. जास्त घासले तर घोडी बाद.

आम्ही विचारले, “ही सतार कोणी बनवली म्हणायची?”

बुजुर्ग हसले. “नाव दुकानाचं. काम सहा जणांचं. म्हणून तर ती वही आहे.”

भिंतीला खिळ्यावर लाल कापडी बांधणीची वही लटकत होती. कोणत्या वाद्यावर कोणी किती काम केले, कोणाला किती उचल दिली, सगळे त्यात. त्या सहांपैकी तिघे एकमेकांचे भाऊ-पुतणे आहेत असे समजले. आम्हाला राहवले नाही. “घरातल्या माणसांचंही लिहिता?”

“त्यांचं आधी लिहितो,” ते म्हणाले. “परका भांडून निघून जाईल. भाऊ कुठे जाणार?”

त्यांनी अडचणीही सांगितल्या. तानपुऱ्याचा सूर देणारी विजेवरची पेटी आली, आता तर मोबाइलमध्येच तानपुरा मिळतो. नव्या मुलांना इतकी वर्षे शिकण्याचा धीर नाही. नवे वाद्य विकले जात नाही तेव्हा जुन्याची दुरुस्ती, नवी जवारी यावर चूल पेटते. हे ऐकून आम्हीही गावी आल्यावर जुन्या तुघऱ्यांची काच बदलणे, फिकट झालेली अक्षरे उजळणे हे काम सुरू केले. पावसाळ्यातही ते चालते.

परतीच्या प्रवासात सूरह बकराची २८२ वी आयत मनात घोळत राहिली. कुरआनमधली ही सर्वांत लांब आयत. इतक्या लांब आयतीचा विषय काय, तर उधारीचा व्यवहार कसा लिहावा. ठरावीक मुदतीचे देणे असेल तर लिहून घ्या, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. वर्षानुवर्षे आम्ही ती तिलावत करत आलो. पण एक गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा टोचली. मजकूर सांगण्याची जबाबदारी आयतीने पैसे देणाऱ्यावर टाकलेली नाही. ज्याच्यावर देणे आहे, त्याने तो सांगायचा आहे.

म्हणजे ती जबाबदारी भाईजानांची नव्हती, आमची होती. त्यांनी मायेने हात धरला, हे खरे. पण तो हात सोडवून लिहायला हवे होते ते आम्ही. गेले वर्षभर मनातल्या मनात आम्ही त्यांनाच दोष देत होतो.

घरी आल्यावर पत्नीशी बोललो आणि दुसऱ्या दिवशी दोघे संगमनेरला गेलो. वाटेत तिने बजावले, “बाजू मांडू नका. माफी मागा.” तसेच केले. भाईजान बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला पैशाचं नव्हतं. ‘हिस्सा कसला’ म्हणालास, ते लागलं.”

मग मामूंना आणि शेजारच्या एका गुरुजींना साक्षीला बसवले. पहिल्यांदा हे स्पष्ट केले की पैसे देण्याचे मार्ग दोन आहेत आणि ते वेगळे आहेत. कर्जे हसना असेल तर दिली तेवढीच रक्कम परत, धंदा चालो वा बुडो. मुदारबत असेल तर एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्याचे प्रमाण आधीच ठरलेले. तोटा झाला आणि त्यात काम करणाऱ्याची हयगय नसेल, तर भांडवल देणाऱ्याचा पैसा जातो, काम करणाऱ्याची मेहनत जाते. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) शामला व्यापारासाठी गेले होते, ही गोष्ट आपण मुलांना त्यांच्या सचोटीसाठी सांगतो. भांडवल कोणाचे आणि मेहनत कोणाची हे त्यात किती स्वच्छ होते, तेही सांगायला हवे.

आमच्या व्यवहारात नफ्याचे प्रमाण कधी ठरलेच नव्हते. त्यामुळे भाईजानांनी मागचे सगळे कर्ज म्हणून मान्य केले. दरमहा पाच हजार, सहा हप्ते. देणे पत्नीच्या धंद्याचे, म्हणून मजकूर तिने सांगितला आणि आम्ही तो लिहून घेतला. चौघांच्या सह्या झाल्या. नवीन हिजरी वर्षापासून भागीदारी करायची का, असे आम्ही विचारले. भाईजान म्हणाले, “सध्या नको.” सगळे पूर्वीसारखे झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. पण यंदाच्या बकरी ईदला ते आमच्याकडे जेवायला आले, आणि पत्नीला म्हणाले, “हप्त्याची तारीख चुकवू नकोस हं.” त्यावर सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

आता घरात तीन वह्या आहेत. एकीत धंद्याची रोजची आवक-जावक. धंद्याचा पैसा वेगळ्या खात्यात जातो. घरासाठी काढायचा तर महिन्यातून एकदा, लिहून. दुसरीत कामाचे तास. धाकट्या बहिणीला दोन वर्षे आम्ही ईदीशिवाय काही दिले नव्हते. आता फ्रेममागे ठरलेली रक्कम तिच्या नावावर पडते. पहिल्या महिन्याचे पैसे हातात ठेवले तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं होतं मी मदत करते.” तिसरीत उधारी. कोणाला दिली, कोणाकडून घेतली, कधीपर्यंत. याच वह्यांवरून वर्षाच्या शेवटी विक्रीला ठेवलेल्या मालाची किंमत काढता येते, आणि निसाब पुरा होत असेल तर अडीच टक्के जकातही. पूर्वी ती आम्ही अंदाजाने काढत होतो.

वाचकहो, आपल्या घराघरांत हुनर आहे. कोणी मेंदी काढते, कोणी जरीकाम करते, कोणी केक सजवते, कोणी सेहरा गुंफते. ते काम रोजीसाठी करायचे ठरवले तर आधी तीस-चाळीस रुपयांची एक वही आणा. पहिल्या पानावर तारीख घाला. कोणी मायेने पैसे दिले तर मायेनेच सांगा, “भाईजान, लिहून घेते, म्हणजे तुमची माया तशीच राहील.” हे पैसे कर्ज आहेत की भागीदारी, हे त्यांच्यासमोरच विचारा आणि त्यांच्यासमोरच लिहा. विचारताना जीभ अडखळेल, आमचीही अडखळली असती. पण ते अडखळणे दोन मिनिटांचे असते.

आमचे तीन हप्ते गेले, तीन राहिले आहेत. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू.